तीन चाळीसची गाडी

"तुम्ही अकराला या," ताई फोनवर म्हणाली आणि समोरच्या वहीत त्या माणसाला पावणेबाराच्या ओळीत लिहिलं.

माणूस कंत्राटदार होता. अक्कलदाढ काढायची होती. रस्ता असो, पूल असो की स्वतःची दाढ, हा गृहस्थ सगळीकडे पाऊण तास उशिरा पोचायचा. दाढेने ठणका धरला म्हणून त्यात फरक पडणार नव्हता.

दातांच्या त्या दवाखान्यात ताई वीसेक वर्षं बाहेरच्या टेबलावर बसत होती. आत खुर्ची एक, बाहेर बाकं तीन. खुर्ची रिकामी राहिली की डॉक्टर चिडायचे आणि बाकं भरली की लोक. दोन्ही टाळायचं तर ज्याला त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वेळ द्यावी लागते, हे ती नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकली. मुख्याध्यापिकाबाईंना खरी वेळ. शिंप्याला अर्धा तास आधीची. कंत्राटदाराला पाऊण तास आधीची. "आणि वकिलांना?" एकदा डॉक्टरांनी विचारलं होतं. "त्यांना आदला दिवस सांगते," ताई म्हणाली होती. डॉक्टरांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता.

हे खोटं बोलणं आहे असं तिला कधी वाटलं नाही. गिऱ्हाइकाला टोचू नये म्हणून शिंपी शिवण आतून दाबतो, तसं हे.

कंत्राटदाराचा फोन ठेवून तिने दादाला लावला. दादा तिचा थोरला भाऊ. लांबच्या शहरात मुलाकडे राहायचा. सत्तरीला टेकला होता आणि उद्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होता. मुलाने आत्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मी बाबांना विमानात बसवून देतो. उतरल्यावरचं तू बघ." विमान जिथे उतरायचं तिथून ताईच्या गावापर्यंत गाडीने यायचं होतं. दोन्ही तिकिटं ताईने काढली होती, दवाखान्यातल्याच संगणकावर. दादाकडे बटणांचा फोन, त्यामुळे तिकिटं हिच्याकडे आणि त्याच्याकडे फक्त ओळखपत्र.

"दादा, लिहून घेतोस का?"

"सांग गं. राहतं माझ्या डोक्यात."

"विमान बाराला उतरतं. बाहेर पडलास की सरळ टॅक्सी. स्टेशनला तासभर लागतो. तिथेच काहीतरी खा आणि बस. डबा चौथा, आसन बावीस."

"चौथा, बावीस. आणि गाडी कितीची?"

ताई थांबली. जिभेवर दोन चाळीस आलं होतं. दादाला कुठलीही वेळ तासभर आधीची सांगायची हे तिचं ठरून गेलेलं होतं. घरात कुणाला तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. वडील म्हणायचे, "याला न्यायला यम आला तरी त्याला ओसरीवर तासभर बसावं लागेल, हा आत भांग पाडत असेल."

"तीन चाळीस," ती म्हणाली.

पलीकडे दादा किंचित हसल्यासारखा वाटला.

"हसलास का?"

"कुठे? तीन चाळीस. बरं."

तिने फोन ठेवला. खरी वेळ सांगितली होती.

खरी का सांगितली, त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी आईच्या पंचाहत्तरीला घरी जेवण ठेवलं होतं. सगळ्यांना एकची वेळ दिली होती. दादाला ताईने बारा सांगितले. आणि दादा, देवाला ठाऊक कसा, बाराच्या ठोक्याला दारात हजर झाला. कपडे इस्त्रीचे, हातात आईसाठी घेतलेल्या चपलांचा खोका.

आतल्या खोलीत धाकटा भाऊ घरातली पोरं गोळा करून दादाची नक्कल करत होता. धाकट्याचा गळाच तसा. फळबाजारात लिलाव पुकारायचा तो. आवाज अख्ख्या बाजाराला पुरायचा आणि कुणाचाही काढता यायचा. दादाचा तर हुबेहूब. "निघालोच होतो बघ, तेवढ्यात मोजा सापडेना. एक सापडला तर दुसरा सापडेना. दोन्ही सापडले तर पाय सापडेनात." पोरं लोळत होती. ताई पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिथून तिला बाहेरच्या खोलीतला दादा दिसला. तोही हसत होता. पायांच्या वाक्याला तर तो चांगला हसला.

मग धाकट्याने त्याच आवाजात पुढचं म्हटलं. "बाबा, तुम्ही पाच मिनिटं दम धरा हं, मी निघालोच."

वडील गेले तेव्हा दादा वेळेवर पोचला नव्हता.

त्यालाही पोरं हसली. हसण्याच्या भरात आली होती, थांबता आलं नाही. दादाने खोका खुर्चीवर ठेवला, त्याचं झाकण एका कोपऱ्यात उचकटलं होतं ते नीट दाबलं आणि तो निघून गेला. त्यानंतर दोघे भाऊ बोलले नाहीत. आई गेली तेव्हा दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे होते आणि येणारी माणसं आधी कुणाकडे जावं म्हणून मधे घुटमळत होती.

"मला काय स्वप्न पडलं होतं का, तो वेळेवर येईल म्हणून?" धाकटा कितीदा तरी म्हणाला. घरात सगळ्यांचं एकमत झालं की दादा मुद्दाम लवकर येऊन कान लावून उभा राहिला. तो लवकर का आला हे एकट्या ताईला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं. पुढे सांगण्यासारखं राहिलं नाही. साधी गोष्ट जुनी झाली की तिचा गुन्हा होतो.

आणि आता धाकट्याच्या घशात गाठ निघाली होती. सर्जननी आडपडदा न ठेवता सांगितलं, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल." धाकट्याने ऐकून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे आता बाजारात माझा भाव पडला." सर्जनना काय करावं कळेना. बायको उठून बाहेर गेली.

त्या संध्याकाळी त्याने ताईला जवळ बोलावलं.

"दादाला बोलावून घे. ऑपरेशनच्या आधी."

"आत्ता फोन लावून देते की. बोल."

"फोनवर नको." तो थांबला, थुंकी गिळली. गिळताना डोळे मिटायचा. "फोनवर नुसता आवाज जातो. माझ्या आवाजावर त्याचा भरवसा उरलेला नाही. मी काहीही म्हटलं तरी त्याला वाटेल, मागे चार जण हसत बसलेत. समोर बसू दे. माझं तोंड दिसू दे त्याला."

"काय सांगणार आहेस?"

"ते तुला कशाला? तू आपली गाडीचं बघ."

त्यानंतर त्याने बोलणं बंदच केलं. डॉक्टरांनी काही मनाई केली नव्हती. चहा हवा तर बोट, खिडकी लावायची तर हात. पाणी बेताचं असलं की माणूस जसा हंडा झाकून ठेवतो, तसा तो गळ्याभोवती मफलर गुंडाळून पडून राहायचा.

तेव्हा ताईने ठरवलं की या खेपेला या दोघांच्या मधे आपलं खोटं येऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इस्पितळात धाकट्याच्या खोलीतच होती. त्याची बायको डबा आणायला घरी गेली होती. साडेबाराला दादाचा फोन आला. "उतरलो. काही नाही गं, बसमध्ये बसल्यासारखंच. फक्त खिडकी उघडत नाही."

"आता सरळ स्टेशन."

"हो हो. वेळ आहे भरपूर."

एरवी तिने त्याला दर अर्ध्या तासाला फोन केला असता. टॅक्सी मिळाली का, कुठवर आलास, काय दिसतंय बाहेर. खोटं सांगितलं की त्याच्या मागे मागे फिरावं लागतं. या वेळी खरं सांगितलं होतं, म्हणून ती निर्धास्त होती. तिने धाकट्याची नखं कापली. उशीचा अभ्रा बदलला. धाकट्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून भुवई उडवली, तेव्हा ती म्हणाली, "आता बसला असेल गाडीत. रात्री जेवायच्या वेळेला इथे."

चारला पाच कमी असताना फोन वाजला.

"पोचलो बघ स्टेशनात," दादाचा आवाज चांगला खुलला होता. "आणि लवकर पोचलो. चौथा डबा कुठे लागतो ते विचारून ठेवलंय. गाडी अजून यायची आहे फलाटावर."

ताईला आधी काही कळलंच नाही. "कुठली गाडी यायची आहे?"

"आपली."

"दादा, मी तुला किती सांगितले होते?"

"तीन चाळीस."

"मग आता किती वाजले?"

मागे फलाटावरचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी चाकांची पेटी ओढत जवळून गेलं.

"म्हणजे," दादा हळूच म्हणाला, "खरंच तीन चाळीस?"

"खरंच म्हणजे?"

"मी चार चाळीस धरली होती." आणि मग पोराने कबूल करावं तसं, "मधे दाढीला बसलो गं. स्टेशनबाहेर सलून आहे. त्याने इतक्या वर्षांनी बघायचं मला, म्हटलं जरा बरा दिसू दे. म्हटलं, वेळ आहे. त्यात तो न्हावी म्हणाला, कलप पण लावून देतो."

ताईने पलंगाचा कठडा धरला. धाकटा तिच्याकडेच पाहत होता. त्याला सगळं कळलं होतं. घरातल्या सगळ्यांना दादाच्या फोनचा सूर ओळखता यायचा. त्याने हात पुढे केला आणि बोटं हलवली. फोन दे.

"तू नको बोलूस," ती म्हणाली. "रात्रीची गाडी असेल. सकाळी येईल तो."

त्याने बोटं पुन्हा हलवली. तिने फोन दिला.

"दादा," धाकटा म्हणाला. चार दिवसांनी बोलत होता. आवाज कागद फाटल्यासारखा आला. त्याने घसा साफ करायचा प्रयत्न केला, तो साफ होण्यातला नव्हता. "दादा, मी. ... हो. ... असू दे. ... अरे असू दे म्हणतो ना. ... आता मी सांगतो ते कर. चौकशीची खिडकी दिसते? ... समोर नसेल, डावीकडे बघ. ... रांग आहे? मग रांगेत उभा राहा. ... नाही, पुढे घुसू नकोस, भांडणात आणखी वेळ जाईल. ... त्यांना म्हण, माझी गाडी चुकली, पुढची कुठली. ... तिकीट नवं काढावं लागेल. ... पैसे आहेत? ... सुटे ठेव हातात." तो थांबला, डोळे मिटून गिळलं. "आणि हे बघ, विमान आणि गाडीत चांगले पाच-सहा तास ठेवायचे असतात. बसून राहावं लागलं तर राहावं. ... तुझं नाही चुकलं. ज्याने तिकीट काढलं त्याने बघायचं असतं हे. ... जेवून घे. ... पेटी पायात घेऊन बस, बाजूला नको ठेवूस. ... दादा ..."

इथे खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. नर्स आत आली, तिने फोन काढून घेऊन ताईच्या हातात दिला आणि धाकट्याला उठवून बसवलं. "आता एक शब्द नाही काका. सकाळी ऑपरेशन आहे."

फोनमध्ये दादा म्हणत होता, "हॅलो? दादा म्हणाला आणि पुढे? पुढे काय म्हणाला?"

"खोकला आला," ताई म्हणाली. "रांगेत उभा राहा तू."

धाकट्याने मफलर पुन्हा गुंडाळून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. चार दिवस साठवलेलं पाणी चौकशीच्या खिडकीवर ओतून झालं होतं. आणि "ज्याने तिकीट काढलं त्याने" असं तो म्हणाला, तेव्हा त्याने ताईकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बोलता बोलता सहज म्हणाला. म्हणूनच ते तिला इतकं लागलं.

रात्रीची गाडी सकाळी नऊला पोचत होती. ऑपरेशन सातला. ताई खालच्या मजल्यावर, ऑपरेशनची यादी करणाऱ्या कारकुनाकडे गेली. चष्मा कपाळावर चढवलेला, कानाला फोन, समोर बिस्किटाचा पुडा. तिला क्षणभर स्वतःचंच टेबल आठवलं.

"थोडं पुढे ढकलता येईल का? पेशंटचा भाऊ येतोय बाहेरगावाहून. पेशंटला त्याच्याशी बोलायचंय. नंतर बोलता येणार नाही."

"मावशी, सगळ्यांचेच भाऊ येत असतात."

"दहा वाजता केलं तर?"

"त्याच्यामागे दुसरं आहे. लहान मूल आहे, उपाशी ठेवलेलं. त्याला मागे सारू का?"

ताईने टेबलावर वाकून विचारलं, "खरी वेळ सांगा. मीसुद्धा हेच काम करते, दातांच्या दवाखान्यात. सात ही सांगायची वेळ झाली. न्यायची कितीची?"

कारकुनाने चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "दातांचा दवाखाना? म्हणजे तुम्हीच लोकांना तास-तास आधी बोलावून बसवता." मग बिस्किटाचा पुडा तिच्याकडे सरकवून म्हणाला, "साडेआठ. पण मी सांगितलं म्हणू नका. आणि आमचे साहेब भलतेच वेळेचे आहेत, हेही सांगून ठेवतो."

साडेआठ आणि नऊ. अर्धा तास कुठेही पडतो. वीस वर्षांत तिने अर्धा तास पडताना रोज पाहिला होता. डॉक्टरांना फोन येतो, यंत्र बिघडतं, कुणीतरी चहा घेत बसतं. ताई त्या अर्ध्या तासाच्या आशेवर सकाळी कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. सव्वाआठला दादाचा फोन आला: "गाडी वेळेच्या आधीच आलीय, बाहेरच्या सिग्नलला उभी आहे. स्टेशन दिसतंय, पण सोडत नाहीत." तिने धाकट्याला सांगितलं, "आलाच. सिग्नलला आहे." धाकट्याने मान हलवली. त्याच्या बायकोने त्याच्या हातातली अंगठी काढून पदराच्या टोकाला बांधली.

साडेआठला एक मिनिटही इकडचं तिकडे न होता स्ट्रेचर आलं. ताईने वॉर्डबॉयला म्हटलं, "दोन मिनिटं." तो थांबला. भला माणूस, चार मिनिटं थांबला. मग म्हणाला, "मावशी, आता मला ओरडतील."

दादा दहाच्या सुमाराला आला. पेटी हातात. केस काळेभोर, कानाच्या पाळीवर कलपाचा डाग, गालावर एका रात्रीची पांढरी खुंटं. इतकी वर्षं धाकट्याने ज्याचा चेहरा पाहिला नव्हता, तो हा चेहरा.

"गेला आत?"

"गेला."

दादा बाकावर बसला. पेटी पायात घेतली.

"मला वाटलं, तू तास कापलेला असशील," तो म्हणाला. "नेहमीसारखा."

ताईने मान वळवली. "तुला ठाऊक होतं?"

"आईच्या पंचाहत्तरीपासून. बाराला गेलो तर ताटंसुद्धा मांडलेली नव्हती. तेव्हाच कळलं, बाई आपल्याला वेगळं घड्याळ देते. तेव्हापासून तू सांगशील त्यात मी तास मिळवतो. कधी चुकलं नव्हतं गं."

"मग बोलला नाहीस ते?"

"तुला बरं वाटायचं, मी वेळेवर आलो की. कशाला मोडू?"

तिला बोलायचं होतं. पंचाहत्तरीचं, बाराची वेळ दिल्याचं, घरात सगळ्यांनी त्याच्यावर कान लावल्याचा आळ घेतला तेव्हा आपण पोळ्या लाटत राहिलो त्याचं. तिने सुरुवात केली, "दादा, या वेळी मी मुद्दाम खरी वेळ सांगितली. म्हटलं, तुमच्या दोघांत आता माझं ..." पण पुढचं नीट जुळेना.

"मग म्हणायचंस ना, खरी सांगतेय म्हणून."

"खरं सांगताना असं कुणी सांगतं का?"

दादाने विचार केला. "नाही सांगत," तो म्हणाला. मग स्वतःशीच म्हणाला, "त्या न्हाव्याने नको म्हटलं तरी कलप लावला. वीस मिनिटं नुसता वाळत बसलो होतो."

दोन दिवस धाकट्याला काचेपलीकडे ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी खोलीत आणलं. गळ्याला मधोमध भोक, त्यात नळी. श्वास नाकातून न येता तिथून येत होता, फुसफुस करत. लिहायला पाटी दिली होती, पण उजव्या हाताला सलाईन आणि डाव्या हाताने काढलेल्या अक्षरांना पाय फुटायचे, म्हणून ती उशाशी पडून होती.

दादा आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीवर बसला. पाहुण्यासारखा, हात गुडघ्यांवर. धाकट्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग त्याचे ओठ हलले. एखाददुसरा शब्द नव्हता; चांगलं लांबलचक काहीतरी होतं. मधे तो थांबला, डोळे मिटून गिळलं आणि पुन्हा ओठ हलवू लागला. पूर्ण झाल्यावर उत्तराची वाट बघत दादाकडे पाहत राहिला. खोलीत नळीच्या फुसफुशीखेरीज काही ऐकू आलं नव्हतं.

दादाने ताईकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

तिला काही कळलं नव्हतं. पण काय सांगावं हे कळत होतं. चुकलो म्हणतोय, एवढं पुरलं असतं. दादाने खाली मान घातली असती, धाकट्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि कदाचित तो तेच म्हणालाही असेल. समोरच्याच्या सोयीचं सांगून सगळ्यांचं भलं करायचं, हे तर तिच्या हाताचं काम. शब्द अगदी ओठांवर आले.

"मला नाही कळलं," ती म्हणाली.

धाकट्याने डोळे मिटले. खिडकीतून उन्हाची पट्टी चादरीवर आली होती, ताई उगाच तीच सारखी करत राहिली.

दादा उठला. त्याने खुर्ची उचलून पलंगाच्या डोक्याशी नेली, इतकी जवळ की त्याचे गुडघे पलंगाच्या लोखंडाला टेकले. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, लावला, आणि धाकट्याच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "सावकाश म्हण. मला कुठे जायचं नाहीये."

धाकट्याचे ओठ हलू लागले. दादा ते बघत होता आणि त्याच्यामागोमाग आपले ओठ तसेच हलवून पाहत होता, आवाज न करता. एक शब्द जमला असावा. त्याने मान डोलावली. पुढचा जमेना.

"थांब," दादा म्हणाला. "पहिल्यापासून घे."